कचऱ्याचा कायदा आणि आपला कारोबार

कचरा हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. दुकान झाडले, कचरा घंटागाडीत टाकला की आपले काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायद्याची समजूत मात्र वेगळी आहे. ज्याच्या हातून कचरा निर्माण होतो त्याला कायदा ‘कचरा निर्माता’ म्हणतो आणि त्याच्यावर निश्चित जबाबदाऱ्या टाकतो. या व्याख्येत घर येते, तसेच कापडाचे दुकान, शिंप्याची मशीन, बागवानांची हातगाडी, गॅरेज, रंगाईचा कारखाना आणि लग्नाचा हॉलही येतो. आपल्यातील बहुसंख्य व्यापारी आणि कारागीर यांपैकी कुठल्या ना कुठल्या व्यवसायात आहेत. नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा कायदा आधी समजून घेतलेला बरा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

सुरतेचा धडा

नाशिक आणि मालेगावच्या कापड व्यापाऱ्याचा सुरतेशी रोजचा संबंध आहे. १९९४ च्या सप्टेंबर महिन्यात सुरतेत प्लेगची साथ आली. त्याच्या महिनाभर आधी आपल्याच महाराष्ट्रात, बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रोगी आढळले होते. सुरतेत पावसाळ्यातील पुरानंतर शहरभर घाण आणि मेलेली जनावरे पडून होती आणि कचरा उचलण्याची व्यवस्था मोडकळीस आलेली होती. साथीची बातमी पसरताच लाखो माणसे शहर सोडून गेली. बाजार बंद झाले, गाठी अडकल्या, हुंड्या आणि उधाऱ्या खोळंबल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे मृत्यू पन्नासच्या आसपास होते, पण व्यापाराचे नुकसान साऱ्या देशाला जाणवले. भारतातून जाणारा माल आणि प्रवासी यांच्यावर काही देशांनी निर्बंध घातले.

१९९५ साली एस. आर. राव हे सुरतेचे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी रोजच्या रोज कचरा उचलण्याची शिस्त लावली, घाण करणाऱ्यांना दंड केला आणि मोठ्या दुकानदारांनाही त्यातून सूट दिली नाही. दोनेक वर्षांतच सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. माणसे तीच होती, बाजार तोच होता, फक्त व्यवस्था बदलली. कचऱ्याचा प्रश्न हा व्यापाराचाच प्रश्न आहे, हे समजण्यासाठी कापडवाल्याला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

कायदे कसे आले

पर्यावरणाचे कायदे एकाच दिवशी आलेले नाहीत. १९७४ साली जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम झाला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. १९८१ साली हवेच्या प्रदूषणाचा कायदा आला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो लोकांचा बळी घेतला. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला. हा छत्रीसारखा कायदा आहे. कचऱ्यासंबंधीचे बहुतेक सगळे नियम याच छत्रीखाली केंद्र सरकारने काढलेले आहेत.

शहरी कचऱ्यासाठी वेगळे नियम मात्र पुष्कळ उशिरा आले. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने समिती नेमली, तिचा अहवाल १९९९ साली आला आणि २००० साली नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम निघाले. २०१६ हे वर्ष या बाबतीत फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांत प्लास्टिक कचरा, दवाखान्यातील जैववैद्यकीय कचरा, बांधकामाचा राडारोडा, घातक कचरा आणि घनकचरा, असे सर्व नियम नव्याने जाहीर झाले. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांची जागा घेणारे नवे नियम केंद्राने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. त्यात कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. विशेष काळजीच्या कचऱ्यात रंगाचे डबे, बल्ब, औषधे यांसारख्या वस्तू येतात. रोज १०० किलो किंवा त्याहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांवर या नियमांत जास्त जबाबदारी आहे. मोठे हॉल, हॉटेले आणि व्यापारी संकुले चालवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कायदा केंद्राचा, त्यावर देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आणि रोजचा अंमल महापालिकेचा, अशी ही विभागणी आहे. हे मंडळ १९७० साली स्थापन झाले असून त्याचे नाशिकचे प्रादेशिक कार्यालय त्र्यंबक रोडवर सातपूरच्या उद्योग भवनात आहे. दुकानदाराचा संबंध बहुधा महापालिकेशी येतो, कारखानदाराचा मंडळाशी. कुणाकडे जायचे हे माहीत नसल्यामुळे आपले लोक एजंटाच्या हाती सापडतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुकानदाराने काय करावे

घराघरांतून घंटागाडीने कचरा गोळा करण्याची पद्धत नाशिकने १९९० च्या दशकातच सुरू केली. जमा झालेला कचरा पाथर्डी शिवारातील खत प्रकल्पावर जातो. तिथे ओल्या कचऱ्याचे खत होते, पण ओल्यात चिंध्या, पन्नी आणि काच मिसळलेली असली तर खत बिघडते आणि शेतकरी ते घेत नाही. कायदा वर्गीकरणावर एवढा भर देतो त्याचे कारण हे आहे. एकदा मिसळलेला कचरा नंतर निवडणे महाग पडते. ज्या ठिकाणी तो निर्माण होतो तिथे त्याला काहीच खर्च येत नाही.

कापडाच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. आमच्या दुकानात कचरा म्हणून जे निघते त्यात जवळजवळ सगळेच विकण्याजोगे असते : गाठीचे गोणपाट, खोक्यांचा पुठ्ठा, ताग्यातील पुठ्ठ्याच्या नळ्या, साड्यांवरील प्लास्टिकची कव्हरे. दुकानातील नोकराने पुठ्ठा एका कोपऱ्यात, पन्नी एका गोणीत आणि चहाचा कचरा वेगळ्या डब्यात ठेवला की कायद्याचे पालन होते आणि महिन्याकाठी भंगारवाल्याकडून चार पैसेही मिळतात. शिंपी बंधूंच्या कतरणीचेही तसेच आहे. सुती कतरण पुसण्याच्या कापडासाठी यंत्रांच्या कारखान्यांत जाते, पिंजारी बंधू ती गादीत भरतात. पॉलिस्टरची कतरण मात्र वेगळी ठेवावी, कारण मिसळलेल्या कतरणीला भाव मिळत नाही.

पिशवीविषयी फार गैरसमज आहेत. केंद्राच्या नियमाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीला बंदी आहे. त्यामुळे जाड पिशवी चालते असे अनेक दुकानदार समजतात. परंतु महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने प्लास्टिकची हातात धरण्याची पिशवी, मग ती कितीही जाड असो, बंद केलेली आहे. केंद्राच्या नियमापेक्षा राज्याचा नियम कडक असेल तर आपल्याला राज्याचाच नियम पाळावा लागतो. दंडही साधा नाही. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. कारखान्यातूनच वस्तूला घालून आलेल्या वेष्टनाचा विचार अधिसूचनेत वेगळा केलेला आहे. म्हणून साडीवर आलेले कव्हर ही एक गोष्ट आणि काउंटरवर आपण देतो ती पिशवी ही दुसरी गोष्ट.

आणखी एक वस्तू कापड व्यापाऱ्याला हमखास फसवते. रंगीत, कापडासारखी दिसणारी, शिलाईऐवजी दाबून चिकटवलेली जी पिशवी बाजारात ‘कापडी’ म्हणून विकली जाते, ती बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचीच असते. कापडाच्या माणसाला ती ओळखणे कठीण नाही. एक धागा ओढून पाहावा. धागा निघत नाही, तुकडा ताणला की फाटतो आणि जाळला तर वितळून थेंब पडतो. दुकानातील उरलेल्या सुती तुकड्यांच्या पिशव्या मोहल्ल्यातील शिलाई करणाऱ्या भगिनींकडून शिवून घेतल्या तर कायद्याची भीती राहत नाही आणि एखाद्या घरात चूल पेटते.

फळ-भाजी विकणाऱ्या बागवान बंधूंसाठी नियमात स्पष्ट म्हटले आहे की फेरीवाल्याने आपल्यासोबत कचऱ्यासाठी डबा ठेवावा आणि साल, पाला, उरलेले अन्न त्यात गोळा करून पालिकेच्या गाडीला द्यावे. २०१६ च्या नियमांप्रमाणे शंभरापेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम करणाऱ्याने तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे होते आणि कचऱ्याचे वर्गीकरण त्याच जागी करायचे होते. आपल्याकडचा वलीमा शंभरात क्वचितच मावतो. ताटात टाकलेल्या बिर्याणीचा आणि थर्माकोलच्या ढिगाचा हिशोब हॉलमालकाने आणि यजमानाने मिळून ठेवला तर इसराफही टळेल. कुरेशी बंधूंनी आतडी, शिंगे, रक्त उघड्या नाल्यात जाऊ देऊ नये, हे तर वेगळे सांगायला नको. बकरी ईदच्या आधी मोहल्ल्याच्या जबाबदार माणसांनी विभागीय कार्यालयाला लेखी पत्र देऊन गाडीची वेळ ठरवून घ्यावी. तीन दिवसांची ती व्यवस्था वर्षभराची बोलणी वाचवते.

जाळणे हा उपाय नाही

दुकान बंद करताना दारासमोर पन्नी आणि चिंध्या पेटवण्याची सवय अनेक बाजारांत अजून आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या निकालात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकारात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई वसूल करण्याचा आदेश त्यात आहे. प्लास्टिक आणि कृत्रिम धाग्याच्या धुरात फुप्फुसाला इजा करणारे आणि काही तर कर्करोग घडवणारे घटक असतात. तो धूर आधी आपल्याच गल्लीत, आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

मालेगावच्या साइझिंगवाल्या बंधूंना हा मुद्दा जास्त लागू आहे. बॉयलरमध्ये लाकूड-कोळशाऐवजी प्लास्टिकचा आणि चपलांचा टाकाऊ माल जाळला जातो, अशा तक्रारी तिथे वारंवार होतात. इंधनात होणारी बचत खरी आहे आणि यंत्रमागाचा धंदा मंदीत असला की ती मोह पाडते. पण बॉयलरच्या इंधनाचा उल्लेख मंडळाच्या संमतिपत्रात असतो. त्याबाहेरचे काही जाळले की संमतीचाच भंग होतो आणि वीज तोडण्यापर्यंत गोष्ट जाते. एका साइझिंगची वीज गेली की त्याच्यावर अवलंबून असलेले कित्येक माग उभे राहतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

रंग, पाणी आणि तेल

ज्या धंद्यात सांडपाणी निघते त्याला जल अधिनियमाखाली मंडळाची दोन वेळा संमती घ्यावी लागते : आधी धंदा उभारण्याची, मग चालवण्याची. ज्यातून सांडपाणी किंवा धूर निघतो अशी रंगाई, ब्लीचिंग आणि छपाई ही प्रदूषणाच्या वर्गवारीत सर्वांत कडक अशा लाल वर्गात येते. रंगाच्या हौदातील पाणी गटारीत सोडले तर ते नाशिकमध्ये नासर्डी किंवा वाघाडीमार्गे गोदावरीत आणि मालेगावात मोसममार्गे गिरणेत पोहोचते. गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ पासून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेची सुनावणी झाली आणि न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले. २०२७ च्या सिंहस्थामुळे या नदीकडे शासनाचे अधिकच लक्ष राहील. छोट्या रंगरेजाने एकट्याने प्रक्रिया यंत्रणा उभारणे परवडत नाही. म्हणून अनेकांनी मिळून सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारणे हाच मार्ग देशभर अवलंबला गेला आहे.

गॅरेजवाल्या बंधूंकडे काळे तेल, जुन्या बॅटऱ्या, तेलाच्या चिंध्या जमतात. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ते गटारीत ओतणे किंवा जाळायला विकणे, दोन्ही गुन्हे आहेत. अधिकृत शुद्धीकरण करणाऱ्यालाच ते द्यावे आणि पावती ठेवावी. घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही. जुन्या बॅटरीसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. मोबाइल, संगणक यांच्या कचऱ्याचेही २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वायर जाळून तांबे काढणे आणि बॅटरी फोडून शिसे वितळवणे ही कामे या नियमांच्या कक्षेत येतात, आणि ती करणाऱ्या पोराच्या रक्तात शिसे जाते हे वेगळेच.

भंगाराचा धंदा आणि अंबड लिंक रोड

आता सर्वांत नाजूक विषयाकडे येऊ. भंगाराच्या व्यवसायात आपल्या समाजाची मोठी संख्या आहे. वास्तविक शहराच्या कचऱ्यातून लोखंड, कागद, प्लास्टिक, काच वेगळी काढून पुन्हा कारखान्याला पोहोचवणारा हा माणूस पर्यावरणाचेच काम करतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ते मान्य केले. त्या नियमांच्या व्याख्येत कचरावेचक आले, तसेच टाकाऊ मालाची निवड आणि खरेदी-विक्री करणारे व्यापारीही अनौपचारिक कचरा संकलक म्हणून आले. त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली.

तरीही नाशिकमध्ये काय घडले ते सर्वांनी पाहिले आहे. सातपूर-अंबड लिंक रोडवर वर्षानुवर्षांत मोठा भंगार बाजार उभा राहिला होता. न्यायालयात चाललेल्या वादानंतर जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तो हटवला. काही काळाने दुकाने पुन्हा उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा कारवाई झाली. दोन्ही वेळा शेड गेले, मालाची हलवाहलव झाली आणि रोजंदारीवरचे मजूर बसून राहिले.

या प्रकरणी भावनेच्या भरात बोलणारे पुष्कळ भेटतात. कारवाईच्या पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात. पण कायद्याच्या दृष्टीने मूळ मुद्दा जागेचा आणि परवानगीचा होता. धंदा कितीही उपयोगाचा असला तरी शहराच्या विकास आराखड्यात ती जागा त्या कामासाठी नसेल आणि बांधकामाला परवानगी नसेल, तर वर्षानुवर्षे चालत आल्याचा दावा टिकत नाही. भाडेपावती आणि वीजबिल म्हणजे परवाना नव्हे. जमीन घेताना किंवा भाड्याने घेताना सातबारा पाहतो, तसा त्या जागेचा झोन दाखलाही नगररचना विभागातून काढून पाहिला पाहिजे. त्यानंतर महापालिकेचा परवाना, त्यानंतर अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, आणि प्लास्टिक, बॅटरी, तेल किंवा रसायनाचे पिंप हाताळत असाल तर मंडळाची नोंदणी किंवा अधिकारपत्र, असा क्रम आहे. रसायनाचे रिकामे पिंपसुद्धा आत अंश राहिल्यास घातक कचऱ्यात येते. ते धुऊन पाणी नाल्यात सोडणे हा भंगाराच्या व्यापाऱ्याला अडकवणारा नेहमीचा प्रकार आहे.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्टपणे मांडली पाहिजे. २०१६ च्या घनकचरा नियमांत औद्योगिक वसाहत वसवणाऱ्यावर असे बंधन होते की एकूण क्षेत्राच्या किमान ५ टक्के जागा किंवा किमान पाच भूखंड अथवा शेड टाकाऊ मालाच्या पुनर्प्राप्तीसाठी राखून ठेवावेत. सातपूर आणि अंबडचे कारखाने भंगार निर्माण करतातच. ते घेणाऱ्यासाठी कायदेशीर जागा कुठे आहे, हा प्रश्न विचारण्याचा हक्क भंगार व्यापाऱ्यांना आहे. परंतु तो एकट्यादुकट्याने, जेसीबी दारात आल्यावर विचारून उपयोग नाही. नोंदणीकृत संस्था स्थापन करावी, सभासदांची यादी, कोण कोणता माल किती घेतो याची नोंद आणि नव्या नियमांचा आधार घेऊन औद्योगिक विकास महामंडळ आणि महापालिका यांच्याकडे लेखी मागणी करावी. ज्या धंद्याची नोंद कागदावर नाही, त्याला नियोजनात जागा मिळत नाही.

वेल्लोर आणि तिरुपूर

कायदा मोडला तर काय होते, हे दोन ठिकाणच्या आपल्यासारख्याच धंदेवाल्यांनी अनुभवले आहे. तामिळनाडूतील अंबूर, वाणियंबाडी, राणीपेट या पट्ट्यात चामडे कमावण्याचा उद्योग आहे आणि त्यात मुस्लिम व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. तिथल्या सांडपाण्याने पालार नदी आणि विहिरी खराब झाल्या. २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या भागातील चामड्याच्या सर्व कारखान्यांना प्रत्येकी १०,००० रुपये प्रदूषण दंड झाला आणि सांडपाण्यावर प्रक्रियेची सोय न करणाऱ्यांना कारखाने बंद ठेवावे लागले. ज्याने प्रदूषण केले त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग आहे, असे त्या निकालात ठरले. चामड्याच्या निर्यातीतून देशाला परकीय चलन मिळते हे न्यायालयाने मान्य केले, पण त्यासाठी पाणी नासवण्याची मुभा दिली नाही.

दुसरे उदाहरण होजिअरीच्या तिरुपूरचे. नोय्यल नदीत रंगाचे पाणी सोडल्याच्या प्रकरणी मद्रास उच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी तिथले सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शिलाई आणि विणकाम चालू असूनही रंगाई नसल्यामुळे माल अडला आणि हजारो कामगार गावी परतले. पुढे पाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा बसवून कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू झाले. जी यंत्रणा आधी महाग वाटत होती, तीच शेवटी बसवावी लागली आणि मधल्या काळातील ऑर्डरी दुसरीकडे गेल्या.

नोटीस आली तर

पर्यावरण (संरक्षण) अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड आला. कैद गेली म्हणून कायदा सौम्य झाला, असे समजू नये. आता खटला चालण्याची वाट न पाहता नेमलेला अधिकारीच चौकशी करून दंड ठरवू शकतो, आणि ठरलेला दंड मुदतीत भरला नाही तर मात्र कैदेची तरतूद आहे. शिवाय वीज आणि पाणी तोडण्याचा किंवा कारखाना बंद करण्याचा आदेश देण्याचे अधिकार वेगळेच आहेत.

नोटीस आली तर घाबरून जाऊ नये आणि ती गल्ल्याखाली दाबूनही ठेवू नये. बहुतेक वेळा पहिली नोटीस ‘कारणे दाखवा’ अशी असते. तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे, सोबत परवान्याच्या प्रती आणि मालाच्या पावत्या जोडाव्यात, सुधारणेला वेळ हवा असेल तर नेमके किती दिवस आणि कोणते काम हे लिहावे, आणि उत्तराची पोहोच घ्यावी. मंडळाच्या आदेशाविरुद्ध अपिलाची सोय आहे, परंतु तिची मुदत थोडी असते, म्हणून वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा. ‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला दिलेल्या रकमेची पावती मिळत नाही आणि ती रक्कम पुढच्या नोटिशीच्या वेळी कामी येत नाही.

हक्काची बाजू

कायदा फक्त आपल्याला बांधतो असे नाही. तो महापालिकेलाही बांधतो. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी गटारी आणि घाणीबद्दल तक्रार केली तेव्हा नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण सांगितले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कारण फेटाळले. सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था करणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि तिजोरी रिकामी असल्याची सबब त्यातून सुटका देत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्या मोहल्ल्यात घंटागाडी दोन-दोन दिवस येत नसेल, चौकातला ढीग हलत नसेल, तर तारखेनिशी लेखी तक्रार करणे हा आपला हक्क आहे. मात्र तक्रार करणाऱ्याच्या स्वतःच्या दुकानासमोर मिसळलेला कचरा पडलेला असला तर त्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

नियमांनी बाजारपेठेच्या संघटनांवरही वर्गीकरणाची जबाबदारी टाकलेली आहे. प्रत्येक बाजारात व्यापाऱ्यांची संघटना असते, पण ती बहुधा भाडे आणि पार्किंगच्या भांडणापुरतीच बोलावली जाते. तिने महिन्यातून एक बैठक या विषयावर घ्यावी. पुठ्ठा, पन्नी आणि कतरण एकत्र गोळा करून एका नोंदणीकृत व्यापाऱ्याला द्यावी आणि येणारी रक्कम बाजारातील सफाई करणाऱ्या माणसाच्या हातमोजे, बूट आणि औषधपाण्यासाठी ठेवावी.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हे आपल्या दीनने ईमानच्या कामांत मोजले आहे आणि दुसऱ्याला इजा पोहोचवून मिळवलेल्या नफ्याला तिजारतीत स्थान दिलेले नाही. ही शिकवण कायद्यांच्या कितीतरी शतके आधीची आहे. ती आपण मस्जिदीत ऐकतो. दुकानाच्या पायरीवर, रंगाच्या हौदाजवळ आणि भंगाराच्या गोदामातही ती तशीच लागू होते. व्यापारी बांधवांनी या आठवड्यात एवढे तरी करावे : आपल्या धंद्याला लागणाऱ्या परवान्यांची यादी करावी, जे आहेत त्यांच्या मुदती तपासाव्यात, जे नाहीत त्यांचे अर्ज भरावेत आणि हे सारे कागद एका फायलीत लावून दुकानातच ठेवावेत.